मुलगी बदलून मिळेल

३ मार्च
"मुलगी बदलून मिळेल," अनाथ मुलांच्या संस्थेचे संचालक म्हणाले. चहा पीत, अगदी सहज. ही पाहुण्यांशी बोलत नाही, हसत नाही, तुमचा हिरमोड होईल — दुसरी चुणचुणीत देतो.
भाजी आहे का, किडकी निघाली म्हणून बदलून घ्यायला?
पाच वर्षं तिचा खर्च पाठवतेय. तिची भाषा मोडकीतोडकी का होईना, शिकले. समुद्र ओलांडून आले. म्हटलं, "मला हीच भेटायची आहे. ती नाही बोलली तर मी बोलेन."

४ मार्च
तिच्या घरी गेले. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. आईवडील बसच्या अपघातात गेले, तेव्हा संस्थेने तिला इथल्या एका बाईकडे सांभाळायला ठेवलं; सगळे तिला ताई म्हणतात. ताई खाली इस्त्री करते. मुलगी आता नऊ-दहाची. कपाटाला टेकून उभी, मख्ख.
ताई म्हणाली, "एरवी हिचं तोंड मिटत नाही. पण पाहुणे येतात, आईबाप कसे गेले विचारतात. ही रडली की फोटो काढतात. एकदा म्हणाली, आता नाही रडणार. तेव्हापासून हे असं."
मी काहीच विचारलं नाही. 'मी तुमची पाहुणी' म्हणायला गेले, उच्चार चुकला, निघालं 'मी तुमची उशी'. कपाटाकडून फिसकन हसू आलं. मग काय, संध्याकाळपर्यंत या छोट्या बाई माझी भाषा सुधारत होत्या!

७ मार्च
संचालकांचं नवं खूळ. रविवारी मोठे देणगीदार येणार, प्रत्येक मुलाने स्टेजवर आपली कहाणी सांगायची. ही बोलली नाही तर ताईकडून काढून वसतिगृहात. "वळण लागेल."
भांडले. दार आपटून आले.
लेक फोनवर — "आई, परक्या देशात कशाला कुणाच्या अंगावर जातेस?"
जाणार.

८ मार्च
भीती वाटतेय. माफी मात्र मागणार नाही.

९ मार्च
ताईला म्हटलं, उद्या पाठवूच नकोस तिला, मी आहे ना.
"तू परत जाशील," ताई म्हणाली. "आम्ही इथेच."
मुलगी आतून आली. "मी जाते. बोलते."

१० मार्च
गेली. माइक तिच्या उंचीवर आणला. ती समोरच्या पाहुण्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचे आईवडील कसे गेले?"
संचालक धावले. पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले — "थांबा. तिने मला विचारलंय." आणि सांगू लागले. आईचं आजारपण, त्यांना पोचायला झालेला उशीर. मुलगी हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकत होती.
मला हुंदका आवरला नाही. अभिमानच म्हणायचा तो.

१२ मार्च
वसतिगृहाचा विषय त्या गृहस्थांनीच बंद पाडला. संचालकांचा राग निघाला माझ्यावर. म्हणे, मीच फूस लावली. म्हटलं, एवढी अक्कल माझ्यात असती तर काय हवं होतं! आता मला बंदी — मुलं ठेवलेल्या एकाही घरात पाऊल टाकायचं नाही. निरोप घ्यायलासुद्धा नाही.

१३ मार्च
सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारावर थाप. ताई, मुलगी, हातात कपड्यांची पिशवी.
"बंदी तुला आहे. आम्हाला कुठे आहे?" ताई म्हणाली.
मुलगी तोवर पलंगावर बसलीही होती. "तू जाशील तोवर आम्ही इथेच राहणार," म्हणाली. "चहा टाक."