पहिल्या ओळीत पाणी

३ जानेवारी १९६१, मंगळवार

पापडखाराचा डबा रिकामा! मला वर्षभर पुरतो, तो दिवाळीनंतर अडीच महिन्यांतच संपला. सुनेचं, मगनच्या बायकोचं, रंजनाचं काम. दाळीत चिमूट, हरभऱ्यात चिमूट. दाळ पार गाळ होते, वर साबणासारखी चव. बोलले तर मान खाली – ‘चुकनं, आत्याबाई.’ दुसऱ्या दिवशी हात पुन्हा डब्याकडे.

८ जानेवारी, रविवार

आज पाहुण्यांपुढे तेच. कोणी दुसऱ्यांदा दाळ मागितली नाही. ठरवलं – संक्रांत झाली की तिला माहेरी न्यायचं आणि सहा महिने तिथंच ठेवायचं. आईनं शिकवलं नाही ते आता शिकवावं. हे म्हणाले, ‘दायकरता कोनी सून माघारी धाडस का?’ दाळीसाठी तर दाळीसाठी. ठरलं ते ठरलं.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. पहाटे तापीत स्नान. पाणी बोचरं, पण मन निवलं. काठाची केळी, कपाशी, घरातलं चार घास अन्न – सगळं तापीमाईचं देणं. रंजना घागर भरायला वाकली ती ओंजळीनं पाणी पीतच राहिली. उपाशी माणसानं जेवावं तशी.

१६ जानेवारी, सोमवार. विसरवाडीच्या पुढं, रंजनाचं माहेर

एस.टी.तून उतरून बैलगाडीनं दोन कोस. रंजनाची आई, माझी विहीण दगूबाई, दारातच उभी. हातपाय धुतले तर साबणाला फेस येईना. म्हटलं, साबण हलका असेल.

ठेवून घ्या म्हणण्याआधी करून दाखवावं, म्हणून सांगितलं – आज दाळ मी घालते. दगूबाई म्हणाली, ‘ईनबाई, पाव्हनीना हातमा चूल देऊ? लोके काय म्हंतीन?’ मी ऐकलं नाही. तूरदाळ आमच्याच शेतातली, मुद्दाम नेलेली.

एक तास झाला. दोन झाले. दाणा टणक तो टणक. किती लाकडं गेली, सगळे उपाशी. मला घाम फुटला. दगूबाई म्हणाली, ‘जरा वारामा बसा.’ बसून आले तर दाळ मऊ. वाढताना ती ज्याला त्याला सांगत होती, ‘ईनबाईनी दाय शे. लोनीसारखी शिजनी.’

पहिल्याच घासाला ओळखीची चव लागली. पापडखार.

रंजनाला गाठोडं बांधलेलंच ठेवायला सांगितलं.

१७ जानेवारी, मंगळवार

परत घरी. दोघी.

१८ जानेवारी, बुधवार

मॅट्रिकला भूगोलात मला चांगले गुण होते. तापी कुठं उगम पावते, कुठं समुद्राला मिळते, नकाशात बिनचूक दाखवीन. पण गावागणिक पाणी बदलतं, खाऱ्या पाण्यात पापडखाराशिवाय दाळ शिजत नाही आणि पाण्याप्रमाणं बाईचा हात वळतो, हे पुस्तकात नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या दाळीचं कौतुक मी माझं म्हणून घेतलं ते निम्मं माईचं. देवापुढं बसून तेवढं कबूल केलं.

रंजनाला विचारलं, तीन महिने बोलणी खाल्लीस, पाण्याचं का सांगितलं नाहीस? पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘मायनी सांगं व्हतं, तथं आपला पानीनं नाव काढू नको. खारं पानी म्हटलं म्हंजे हिलालले कोन पोर देई?’

हिलाल तिचा भाऊ. चोवीस वर्षांचा, कामाला वाघ, खालमानेचा. दोनदा मुलीकडचे लोक आले, ओसरीवर तांब्याभर पाणी प्यायले आणि बघतो म्हणून उठून गेले.

म्हणजे दगूबाईनं माझी अब्रू झाकली ती आपलं पाणी झाकता झाकता. आणि ही पोर भावासाठी माझ्या शब्दांखाली मान घालून राहिली. असं वळण मला घरात आयतं मिळालं, आणि मी ते माघारी द्यायला निघाले होते.

१९ जानेवारी, गुरुवार

माझ्या बहिणीची नर्मदा लग्नाची आहे. बहिणीला हिलालचं स्थळ कळवलं. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं – विहिरीचं पाणी खारं आहे. उरलेलं पानभर दगूबाईविषयी.