पहिली सुरी

कलकत्ता, कार्तिक वद्य पंचमी, १९४७

गच्चीतल्या रॉकेलच्या डब्यात वाढलेला एकुलता एक लाल भोपळा आठ दिवस तसाच पडून आहे. बी ह्यांनीच राखेत घोळून ठेवलेलं. शेजारच्या सिंधूताई आज म्हणाल्या, "अहो, अख्खा भोपळा बाईनं चिरू नये. आमच्या ह्यांना पाठवते, पहिली सुरी ते घालतील."

मी फाडकन म्हटलं, "आमचे आले की घालतील."

बिचारी पदर सावरत घरी गेली. गेल्या वर्षी दंगलीच्या दिवशी हे गार्डन रीचच्या गोदीत कामावर गेले, ते आलेच नाहीत. प्रेतही मिळालं नाही. मग परक्याची सुरी कशी चालवून घेऊ? घेतली तर संपलंच की सगळं.

आत्ता भोपळा दाबून पाहिला. बुडाशी मऊ लागला. मऊ बाजू भिंतीकडे फिरवली आणि कुंकू नीट केलं.