गालिनाचा निबंध

१४ सप्टें. १९८७, रीडिंग, इंग्लंड
तळ्यांच्या पाण्यावरची आमच्या डिपार्टमेंटची परिषद आजपासून. लेनिनग्राडच्या गालिनाला आणायला स्टेशनवर गेले, तर तिच्या जागी तिच्याच संस्थेतला एक जाडजूड गृहस्थ उतरला. नाव बोरिस. "मॅडम आजारी आहेत." इतकी वर्षं नुसती पत्रांतून ओळख. यंदा तरी भेटू असं वाटलं होतं.

१५ सप्टें.
बोरिसने गालिनाचाच निबंध वाचला. कारखान्याच्या सांडपाण्याने तिकडचं तळं कसं मरतंय, सगळं. जेवताना सरळ विचारलं, "आजार काय आहे?" काट्याने बटाटे चिवडले. मग हळूच, "ठणठणीत आहे. पण तसं म्हणायची मला परवानगी नाही."

८ नोव्हें. १९९२
गालिना आली! शेवटी एकदाची. महिनाभर आमच्याकडेच. पिठलं-भात आवडीने खाल्ला. म्हणाली, तेव्हा निबंध परदेशी पाठवायचा तर आधी कमिटीचा दाखला लागायचा, 'यात नवीन काही नाही' असा. "आणि तुम्हा लोकांना तर नवीनच हवं!" पोट धरधरून हसलो.
बोरिसची चौकशी केली. त्याला हुकूम होता स्वतःचा, बिनधोक निबंध वाचायचा. त्याने हिचा, दाखला न मिळालेला वाचला. परत गेल्यावर त्याचं शिकवणं बंद, लायब्ररीत टाकलं.
नंतर कोणीच हसलं नाही.

११ नोव्हें.
गालिना सांगत होती, तिकडे आता दाखला कोणी मागत नाही. पगारही देत नाहीत. सरकार म्हणतं, विज्ञानाने आपलं आपण बघावं. लॅबचं हीटिंग बंद, तिची विद्यार्थी मुलं कोट घालून काम करतात. बरीचशी सोडून गेली. कोणी बँकेत लागलं, कोणी बाजारात जीन्स विकतं.

२७ नोव्हें.
पीटरने (आमचा हेड) तिला इथेच नोकरी देऊ केली. मला वाटलं, नाचेल. तिने बसमध्ये विचारलं, "उरलेल्या मुलांना कोण शिकवणार?"
"आधी स्वतःचं बघ गं."
"तू तसंच केलंस?"
पुण्याची नोकरी सोडून इकडे येताना माझ्या सरांनी मुलांबद्दल जवळजवळ हेच विचारलं होतं... जाऊ दे. स्टॉप आला, उतरलो.

३० नोव्हें.
परत विषय काढला. ती चिडली. श्री (माझा नवरा, इतकं स्पष्ट क्वचितच बोलतो) म्हणाला, "तिच्या आयुष्यात किती वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलं. आता तू नको ठरवूस."

६ डिसें.
हीथ्रो विमानतळ. पीटर तिच्या उत्तरासाठी ईस्टरपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत थांबायला तयार. ती म्हणते, काय ठरेल ते मुलांना समोर बसवून सांगायचं, पत्राने नाही. "म्हणजे येणार?" "म्हणजे सांगणार." मिठी मारली, गेली.
कार पार्कमध्ये श्रीने विचारलं, "वरच्या खोलीतला तिचा पलंग काढू का?"
म्हटलं, राहू दे सध्या.