अकरा बटणांचं कव्हर

दि. ५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतोस, म्हणून हे पत्र. सावकाश वाच. आणि ‘मी आधीच म्हणालो होतो’ असं काही म्हणू नकोस, कारण या वेळी तू म्हणाला होतास तेच केल्यामुळे हे झालंय.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गाडी टाकू नको, कंपनीच्या शोरूममध्येच सर्व्हिसिंग कर, तिथे सगळं पद्धतशीर असतं, असं तू तीनदा लिहिलंस. सोमवारी सकाळी गेले बाई पद्धतशीर ठिकाणी. काउंटरवरचा टायवाला कार्ड भरत होता: चटया चार, जॅक एक, जादा चाक एक. मी म्हटलं, कव्हरही लिही. मी स्वतः शिवलंय ते, मापं घेऊन, गाडीच्या अंगाला चापून बसणारं. बाजारात मिळतात तसला तंबू नाही. त्याच्यासमोर गाडीला घातलं, मागची अकराच्या अकरा बटणं लावली आणि ‘कव्हर एक, बटणं अकरा, सर्व लावलेली’ असं त्याच्याकडून लिहवून घेतलं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, बटणं मोजल्याशिवाय मी काही हातातून सोडत नाही. त्याने डोळे फिरवले, पण लिहिलं.

काल गाडी परत मिळाली. धुऊन पुसून चकचकीत, कव्हर घडी घालून डिकीत. आणि मागचा डावा कोपरा ठोकलेला. बंपर त्या बाजूने सुटून बाहेर आलाय आणि वरच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा. टायवाला म्हणाला, हे आधीपासूनचंच आहे. मग कार्डावर का नाही लिहिलंस विचारलं, तर म्हणे तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. इतका जीव लावणारी माणसं असतील असं वाटलं नव्हतं.

दादा, मला बंपरचं काही नाही. पण ३१ तारखेला वर्ष भरतंय. हे गेल्यावर त्यांची गाडी विकायची नाही असं ठरवून मी त्रेपन्नाव्या वर्षी चालवायला शिकले, तेव्हा अट तूच घातलीस: वर्षभर गाडीला ओरखडा लागला नाही तर आईला सहा महिने तुझ्याकडे ने. अकरा महिने मी गाडी तळहातावर दिवा धरल्यासारखी चालवली. आईची खोली तयार आहे. शिवणाचं मशीन मी बाहेर काढलंय आणि पलंग खिडकीशी लावलाय. हा ओरखडा माझा नाही, तेव्हा अट मोडलेली नाही, एवढं तुझ्या अक्षरात लिहून पाठव.

आईला नमस्कार. तुझा माझ्यावरचा लोभ त्या बंपरपेक्षा घट्ट बसवलेला असावा, ही इच्छा.

तुझी,
टाचणी

दि. १० मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. इकडे सर्व क्षेम.

मी पंचवीस वर्षं शाळा चालवली. त्या काळात वर्गांच्या चाळीसेक काचा फुटल्या, आणि त्यातली एकही कोणी फोडलेली नव्हती. सगळ्या आपोआप फुटल्या. यावरून मी तुला खोटी म्हणतोय असं समजू नकोस. माणसाच्या हातून होतं आणि लक्षातही राहत नाही. गाडी मागे घेताना एखाद्या खांबाला लागली असेल, तू रस्त्याच्या नादात असशील. कबूल करण्यात कमीपणा नसतो. गाडी देण्याआधी तिचे फोटो काढून ठेवले असतेस तर गोष्ट वेगळी होती.

तेव्हा मला वाटतं, वर्ष नव्याने मोजावं. पुढच्या मार्चमध्ये पाहू. लांबचा रस्ता आहे, आईचं वय आहे, मी उगाच अडवत नाही.

आईची तब्येत ठीक. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. ती लबाडी करते आणि पकडली की ऐकू न आल्यासारखं करते, हे ती माझ्याकडून शिकली. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, बंपरचा भाग वगळून.

राग आला तरी पत्र पाठवत राहा.

तुझा,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न., पण या खेपेला डोकं जमिनीला टेकवलेलं नाही.

वर्ष नव्याने मोजायला आई काय सहावीतली मुलगी आहे? ब्याऐंशी वर्षांची आहे ती. तू तिला नापास झाल्यासारखी मागच्या बाकावर बसवतोयस, आणि पेपर लिहिला कोणी तर शोरूमवाल्यांनी.

चार दिवसांत तीन चकरा झाल्या. टायवाला म्हणतो मॅनेजरना भेटा. मॅनेजर म्हणतो पत्र्याचं काम बघणाऱ्यांना भेटा. पत्र्याचं काम बघणारे म्हणतात ज्याने गाडी घेतली त्याला भेटा, म्हणजे परत टायवाला. प्रत्येक जण खुर्ची देतो, चहा देतो आणि पुढच्याकडे पाठवतो. कॅमेऱ्यात बघा म्हटलं, तर नेमका त्याच दिवसांत कॅमेराही दुरुस्तीला गेला होता. तो कुठे दिला होता ते सांगा, मीही गाडी तिथेच देते, असं मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

कळस म्हणजे काल एका मुलीचा फोन आला. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी तिला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, पाव तास. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग चार लिहू का. माझ्या हातात कात्री होती आणि समोर गिऱ्हाइकाचं चांगलं कापड होतं, देवाने वाचवलं.

मॅनेजरच्या उत्तराची प्रत सोबत जोडलीय. त्यातली ‘ग्राहकाच्या वापरातील झीज’ ही ओळ वाच. पोचा हा झिजून पडतो, हे मला या वयात कळलं.

मला फोटोचं शहाणपण शिकवू नकोस. माझ्या शब्दावर विश्वास ठेव, एवढंच मागतेय.

टाचणी

दि. १८ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझा त्रागा वाचून वाईट वाटलं. तू आता तिथे जाऊन भांडू नकोस. जिथे शब्द टाकायचा तिथे मी टाकला आहे. मॅनेजर बरा माणूस दिसतो, त्याची सही वळणदार आहे. समंजसपणे सांगितलं की कामं होतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

आई कालपासून विचारते आहे की मार्च किती दिवसांचा असतो. मी एकतीस म्हणून सांगितलं.

काळजी घे. लिहीत जा.

दादा

दि. २२ मार्च

दादास,
नमस्कार नंतर बघू.

मॅनेजरने तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. टायवाला उभा होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ‘सदर चालक माझी धाकटी बहीण असून नवशिकी आहे. स्वभावाने हट्टी असली तरी मनाने वाईट नाही. तिच्या हातून झालेल्या नुकसानीबाबत सहानुभूतीने विचार व्हावा व समज देऊन प्रकरण मिटवावे.’ वाचून झाल्यावर त्याने ते प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि माझ्या फायलीत सगळ्यात वर लावलं. म्हणाला, आता तुमच्या घरच्यांनीच लिहून दिलंय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा. अरे, तुझ्या शाळेतल्या काचा फोडणाऱ्या पोरांसाठी तू असली पत्रं लिहायचास ना? मी तुझ्या शाळेत कधी होते? मी काहीही फोडलेलं नाही. त्या लोकांना तीन आठवड्यांत माझ्याविरुद्ध एक कागद मिळाला नव्हता, तो तू घरपोच पाठवलास, तोही सुवाच्य अक्षरात.

मी घरी येऊन आईच्या पलंगावर बसले आणि खूप रडले. ते लोक परके आहेत, त्यांचं काही लागलं नाही. तू मला न विचारता त्यांना लिहिलंस ते लागलं. लहानपणापासून तू माझी बाजू घ्यायचास. या वेळी तू त्यांच्या बाजूने जाऊन बसलास, आणि तुला ते कळलंही नाही.

टाचणी

दि. २८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग आहे, पण ही हकिगत तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मागचं पत्र टाकून आले आणि गाडीकडे बघवेना, म्हणून डिकीतून कव्हर काढलं. गाडी परत आणल्यापासून रागाने घातलंच नव्हतं. नऊ बटणं लागली. डाव्या कोपऱ्याची शेवटची दोन काही केल्या काजापर्यंत पोचेनात. आधी वाटलं, मेल्यांनी कव्हरही धुतलं आणि आटवलं. टेप लावला, तर कापड ठरल्या मापाचं. मग गाडीला टेप लावला. माझ्या वहीत गाडीची सगळी मापं आहेत, एखाद्या गिऱ्हाइकाची असतात तशी. डाव्या कोपऱ्यात गाडी दोन बोटं रुंद झाली होती. बंपर बाहेर आलाय ना. तेव्हा त्या कार्डावरची ओळ आठवली, आणि टेप तिथेच टाकून मी कार्ड शोधायला घरात पळाले.

काल शनिवार, अकराची वेळ, शोरूम भरलेलं. मी गाडी थेट दारासमोर नेऊन लावली, कव्हर घातलं, नऊ बटणं लावली आणि टायवाल्याला म्हटलं, बाळा, राहिलेली दोन तू लाव. त्याने ओढलं. बंपरला गुडघा लावून ओढलं. टाय खांद्यावर टाकून ओढलं. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, माप चुकलंय हो तुमचं. दुसरी कुठली वेळ असती तर मी त्यांच्याशी भांडले असते. मी म्हटलं, अगदी बरोबर, आता हे कार्ड याच्याकडूनच वाचून घेऊ. त्याने वाचलं. कव्हर एक, बटणं अकरा, सर्व लावलेली. खाली त्याची सही आणि तारीख. मग मी विचारलं, आधीचाच पोचा असेल तर तुझ्यासमोर ही अकरा बटणं लागली कशी.

मॅनेजर बाहेर आला, दोन्ही बटणं त्याने स्वतः ओढून बघितली. तेवढ्यात मागून एक म्हातारे मेकॅनिक आले, ग्रीसचे हात पुसत. म्हणाले, साहेब, मंगळवारी रॅम्पवर घेताना खांबाला लागली ही, मी तेव्हाच सांगितलं होतं. एवढं बोलून ते परत कामाला गेले. मला त्यांना नमस्कार करायचा राहिला.

नवा बंपर घालून पत्राही सरळ करून देणार आहेत. पण मी आधी लेखी घेतलं, ‘नुकसान आमच्याकडून झाले आहे.’ प्रत सोबत आहे. तुझं पत्रही परत मागितलं. ते मी ठेवून घेतलंय.

३१ तारीख तीन दिवसांवर आलीय. आता सांग, वर्ष भरलं की नाही.

टाचणी

दि. २ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

वर्ष भरलं. आईला घेऊन जा.

आता जे लिहितो ते मला तोंडाने सांगता आलं नसतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? मला हायसं वाटलं. गाडी ठोकली गेली, म्हणजे आई आणखी वर्षभर इथे. खरं-खोटं मी तपासलंच नाही. तूच ठोकली असशील हे मला हवं होतं, म्हणून मी ते धरून बसलो. खरं तर अट घातली तेव्हाही माझी खात्री होती की तू महिन्याभरात कुठेतरी आपटशील. तू काही आपटेनास.

ऐकू कमी यायला लागल्यापासून लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात. दोनदा सांगायला त्यांना कंटाळा येतो. आईला येत नाही. ती ओरडून बोलते, चिडते आणि तिसऱ्यांदा सांगते. संध्याकाळचे दोन तास मी माणसात असतो. तेवढ्यासाठी मी तुला परक्यांसमोर खोटं पाडलं. मला माफ कर. मोठा असून मागतो आहे.

तुझा,
दादा

ता. क. खालचं आईने लिहिलं आहे.

बाळे, याने आज मला सगळी पत्रं वाचून दाखवली, बंपरसकट. वाचताना रडला. माझी पिशवी कधीपासून भरलेली आहे. मी येतेच. पण हा एकटा पत्ते कसा खेळेल, ते तुम्ही दोघं शहाणी मिळून बघा. आई.

दि. ६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. या वेळी डोकं अगदी टेकवून.

रविवारी सकाळी दहापर्यंत येते. नवा बंपर बसलाय, अकरा बटणं लागतात. आईची पिशवी पुढे माझ्याशेजारी आणि आई मागे ऐसपैस, असं ठरवलं होतं. ते बदललं. आई पुढे बसेल. मागे तू. तुझीही पिशवी भर. बाहेरच्या खोलीत मशीन होतं तिथे दुसरा पलंग टाकलाय, मशीन आता स्वयंपाकघराच्या दाराशी गेलंय. सहा महिने राहणार नाहीस हे ठाऊक आहे, महिनाभर तरी राहा. मलाही ओरडून बोलता येतं, हे त्या शोरूममध्ये कोणालाही विचार. आणि तिघं असलो की आईची लबाडी पकडायला सोपं जाईल.

गाडीत बसल्यावर ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटायचा नाही. वळणावर श्वास रोखायचा नाही.

माफीचं म्हणशील, तर माझं एक काम कर. त्या मॅनेजरला तुझ्या त्याच अक्षरात, त्याच भाषेत आणखी एक पत्र लिही. ‘सदर चालक माझी धाकटी बहीण असून तिला गाडी उत्तम चालवता येते.’ खाली सही कर, तारीख घाल. आणि ते टपालात टाकू नकोस. रविवारी माझ्या हातात दे.

बाकी लोभ तुझ्याजवळच आहे, तो येताना सोबत घेऊन ये.

तुझी,
टाचणी