कोटारेच्या तळातलं पाणी

९ नोव्हेंबर

बोटीचा ऑटोपायलट मेला! सकाळी कडकन आवाज झाला आणि चाक आपोआप गरगरायला लागलं. बेवनने उघडून पाहिलं – आतले दाते पार झिजलेत. "फार वर्षं राबला बिचारा," म्हणाला, जसं काही घरातलं कुत्रंच गेलं. आता न्यूझीलंडपर्यंत आम्ही दोघांनी पाळीपाळीने सुकाणू धरायचं. टोंगा सोडून अजून अर्धी वाटही झालेली नाही.

हात दुखतात. त्याचं काही नाही. मला भीती वाटते, आणि हे मी फक्त इथेच लिहू शकते. बेवनसमोर बोलले की म्हणतो, "ग्लेनिस, तू घाबरायचं काम चोख करतेस, मी बाकीचं बघतो."

१० नोव्हेंबर

वारा दक्षिणेचा, अगदी नाकासमोर. कोटारे लाटेवर चढते आणि पलीकडे धाडदिशी आपटते. प्रत्येक आपटीला वाटतं, आता हिचे दोन तुकडे होणार. दुपारी एक लाट सरळ आत आली – वरचं झाकण माझ्याच हातून उघडं राहिलं होतं. गादी, चहा, आल्याची बिस्किटं, सगळं चिंब!

संध्याकाळी तळाची फळी उचलली तर खाली पाणी. बेवनने करंगळी बुडवून चाटली. "खारं. अगं, दुपारची लाट ती. जाणार कुठे?" उपसून टाकलं.

११ नोव्हेंबर

तळात पुन्हा पाणी. आज तर लाट आत आलीच नाही!

विजेचा पंप जळाला, सगळ्या बोटीत जळका वास. हातपंप काढला तर त्याचं रबर फाटलेलं. बेवनने माझा एक गमबूट कापून ठिगळ लावलं. "इथे कुठे चालायला जायचंय तुला?" हसले. मग रडायलाच आलं. तेव्हापासून मोज्यांवरच वावरतेय, घोट्याभर पाण्यात.

सगळ्या झडपा तपासल्या. कोरड्या. मग येतंय कुठून? बेवन म्हणाला, एवढ्या आपटण्याने कीलचे, बोटीखालच्या त्या जड पात्याचे, बोल्ट सैल झाले असणार. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. कील सुटली तर बोट एका झटक्यात उलटते. हे त्याने मला सांगायची गरज नाही.

संध्याकाळी रेडिओवर हजेरी. रॉबिना किनाऱ्यावरून एकेका बोटीला हाक मारते. "कोटारे, कसं काय चाललंय तुमचं?"

"झकास! जरा ओलं-ओलं आहे, इतकंच," बेवन म्हणाला.

आणि मी मागे उभी राहून उपसतेय! पण हजेरीला कोणी रडगाणं गात नाही. सगळ्या बोटी ऐकत असतात ना. मीही गप्पच बसले.

१२ नोव्हेंबर

उपसा. सुकाणू. उपसा. मोरीवरचा नळही आता नुसता फुसफुसतोय. "बोट कललीये, हवा शिरली असेल पाइपात," बेवन म्हणाला. एवढं पाणी तळात आणि त्याला नळाची काय पडलीये! थर्मासमधला चहा पुरवून पुरवून प्यायलो.

डोळे मिटले की खालून करकर ऐकू येते. खरी की मनातली, कळत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

भांडलो.

"बीकनचं बटण दाब, बेवन. मदत मागव."

"एकदा दाबलं की ही गेली. जहाजवाले माणसं उचलतात, बोटी नाही."

"जाऊ दे मग!"

"घर आहे गं आपलं."

"मला घरात बुडून मरायचं नाहीये!"

बेवन पंप मारत राहिला. त्याचे तळवे सोलून निघालेत. शेवटी मीच दाबलं. त्याने अडवलं नाही.

१३ नोव्हेंबर, मालवाहू जहाजावर

जिवंत आहोत!

दोरीच्या शिडीवर असताना लाटेने मला छातीपर्यंत भिजवलं. हात सुटतोच की काय असं वाटलं. बेवन शेवटी आला. येण्याआधी त्याने तळाची झडप उघडून पाइप कापला. रिकामी बोट तरंगत राहिली तर रात्री दुसरं कुणीतरी तिच्यावर आदळेल, म्हणून असंच करायचं असतं.

बुडायला फार वेळ लावला तिने. कप्तान फिलिपिनो आहे, भला माणूस. टोपी काढून आमच्याशेजारी उभा राहिला. "ताई, जीव वाचला ना? बाकीचं होईल परत." बेवन कठडा धरून तिच्याकडेच बघत राहिला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. गरम भात आणि माशाचं सार दोनदा मागून घेतलं.

१४ नोव्हेंबर

खोलीतल्या गरम पाइपावर कपडे वाळत घातले होते. शिडीवर भिजलेला स्वेटर ताठ झालाय, वर मिठाचे पांढरे डाग. शेजारी माझे मोजे – बोटीवर तळातल्या पाण्यात भिजलेले, ओलेच पिशवीत कोंबून आणलेले. ते वाळून मऊ झालेत. डाग नाहीत. जिभेला लावून पाहिले.

गोडं पाणी!

आमची प्यायच्या पाण्याची टाकी फुटली होती. तीच उपसत होतो आम्ही. पहिल्या संध्याकाळनंतर पुन्हा एकदा चाखून बघावं, हे दोघांनाही सुचलं नाही. कोटारे बुडत नव्हती.

बेवन आंघोळीला गेलाय. मोजे उशीखाली लपवलेत.