माझ्या वाटची चरबी

४ ऑगस्ट
लोकर बंद, साबण बंद, गरम पाणी बंद. नारिन शहरातल्या डॉक्टरणीनं फर्मान काढलं आणि इसबाच्या मलमाची ट्यूब हातावर टेकवली. लोकरीचे नमदे करणाऱ्या बाईनं मग करायचं काय? म्हणे, आराम करा! नुरजातचं लग्न सहा आठवड्यांवर. लेकीच्या आंदणातला शिर्दाक, नमदा कापून-जोडून केलेला नक्षीचा गालिचा, आईनंच शिवायचा असतो, नाहीतर सासरी पहिल्या दिवसापासून टोमणे. माझा नमदा अजून अर्धासुद्धा कापून झालेला नाही.

७ ऑगस्ट
बोटांच्या बेचक्या फुटल्या. खाजवलं. मग रडले.

८ ऑगस्ट
या मलमाला वासच नाही. आई लावायची त्या मार्मोटच्या, डोंगरातल्या जाड्या खारीच्या, चरबीला केवढा! शाळेत शेजारी कोणी बसत नसे. उन्हाळ्यात वर कुरणावर गेलो की आई रोज चुलीपाशी बसवायची, चमचाभर चरबी तळहातावर घ्यायची आणि माझे कोपर, गुडघ्यांच्या मागच्या घड्या चोळत राहायची. चरबी केव्हाच जिरलेली असायची, तरी हात फिरतच.
"आई, पुरे ना."
"गप बस. अजून माझ्या हातावर आहे."
खाज थांबायची का, आठवत नाही. हात आठवतात. जन्मभर लोकर मळली तरी मऊ. आज ते हात फार हवेसे वाटतात. मलाच कुठून आलं हे दुखणं?

१५ ऑगस्ट
नुरजात कोपर खाजवत होती. तिलाही आहेच. ट्यूब भिरकावली तिच्याकडे — लाव की, हात मोडलेत का? उगीच ओरडले.

२१ ऑगस्ट
सुई धरवत नाही. नमदा गुंडाळून ठेवला. सायरावहिनी चहाला आली, तिला म्हटलं, बाजारचा शिर्दाक आणते आता. आईचे हात म्हणजे हात होते, एक डाग नाही. मीच नासकी निघाले.
वहिनीनं चहाची वाटी खाली ठेवली. "कनिशाय, तुझ्या आईला शेवटची अंघोळ मी घातली."
मयताला अंघोळ घालणारी जे बघते ते बोलत नाही. चार वर्षं वहिनी बोलली नव्हती.
"पाठ, पोट, मांड्या — सगळं तुझ्यासारखंच. जुनं, खाजवून काळं पडलेलं. मी नवी सून होते तेव्हापासून बघत आलेय, वर्षाला एकच बरणी मिळायची चरबीची. ती तुझी. हात तेवढे वाचले तिचे, तुला चोळता चोळता."
मग ती माझी भांडी घासून गेली. मला घासू दिली नाहीत.

२२ ऑगस्ट
नमदा उलगडला. एक टोक माझ्याकडे, एक नुरजातकडे. नवरीनं आपला शिर्दाक शिवायचा नसतो. कोणी विचारलं तर सांगेन, माझे हात फुटलेत.
त्याआधी तिला समोर बसवून मलम चोळलं.
"आई, पुरे. केव्हाच जिरलं."
"गप बस. अजून माझ्या हातावर आहे."