आप्पांच्या वखारीत दोन विद्यापीठं

निपाणी,
गुरुवार, भर दुपार (दुकान बंद ठेवून)

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी, मष्णूचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे मी, नागू आणि आमची लेक रचना मजेत आहोत, आणि शिंका थांबल्या आहेत. (कुणाच्या शिंका ते पुढे येईल, घाई करू नये.) आपल्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या खेपेला मच्छ्याला आपल्या घरी आलतो तेव्हा आपण जिना उतरताना जो आवाज झाला, तो मी दाराआडून नीट ऐकला. तो हाडाचा आवाज नव्हे. बेअरिंग कोरडं पडलं की मोटार असाच आवाज करते. डॉक्टरांना म्हणावं, वंगणाचं तेवढं बघा. त्यांचं शिक्षण झालेलं असतं, पण कान तयार झालेला नसतो. माझं शिक्षण झालेलं नाही, पण निपाणीतली कुठलीही मोटार मी नुसती ऐकून सांगतो की हिचं काय जळलंय, आणि रिवायंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणं, मला कोणी शिकवलेलं नाही हे आपण जाणताच. आक्काला नमस्कार सांगावा, पण पत्र पुरतं वाचून झाल्यावर. व्हॉट्सॲपवरच टाकणार होतो, पण आपला फोन आक्काच्या उशाशी असतो.

तर विषय असा, की दोन विद्यापीठांनी एकमेकांशी करार केला आहे. एक आपल्या कन्नड हद्दीतलं, एक पलीकडच्या मराठी. नावं लिहीत नाही, कारण माणसं दोन्हीकडची सज्जन आहेत आणि त्यांच्या अंगावर मी जे उडवलं ते पाहता नाव न लिहिणंच बरं. कराराला त्यांनी ‘सामाजिक न्याय आणि नागरी बांधिलकी’ असं नाव दिलंय. रचना त्यातल्याच एका ठिकाणी बी.ए.ला असल्यामुळे मी तो पूर्ण वाचून काढला. अर्थ असा, की विद्यापीठानं आपल्या कंपाउंडात बसून राहू नये, भोवतालच्या माणसांच्या उपयोगी पडावं, आणि एकट्याला जमत नसेल तर दोघांनी मिळून पडावं. कल्पना चांगली आहे. फक्त एका शाफ्टला दोन मोटारी जोडताना दोन्हींचा वेग जुळावा लागतो, नाहीतर एक दुसरीला फरफटत नेते. हे मी त्यांना लेखी कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

कराराचं पहिलं काम म्हणून विडी कामगार बायकांसाठी एक शिक्षण केंद्र काढायचं ठरलं. जागा एक तर बेळगावात, एका कॉलेजच्या एसी हॉलमध्ये, नाहीतर निपाणीत, जर इथं कोणी जागा दिली तर. आता आमची नागू लग्नाआधी सातवीतून उठली ती विड्या वळायला बसली, हे आपल्याला ठाऊक आहे. बातमी कळल्यावर ती पान कातरता कातरता एवढंच म्हणाली, “बेळगावला झालं तर ते आमचं न्हवंच.” खरंच आहे. एसटीत दिवस घालवून, तेवढ्या विड्या बुडवून कोण बाई बेळगावला शिकायला जाणार? मी लगेच म्हणालो, “आपली वखार हाय की!” त्यावर नागू “कुणाची?” असं म्हणाली. पण तेव्हा दुकानात मोटार चालू होती, म्हणून मला नीट ऐकू आलं नाही.

आप्पांची, म्हणजे आपल्या सासऱ्यांची, तंबाखूची वखार आपण पाहिली आहे. आप्पा गेल्यापासून कुलूपबंद होती. जागा बघून बायकांशी बोलायला दोन्ही कुलगुरू येणार असं ठरलं, तेव्हा मी ती तीनदा झाडली, हात पुरेल तिथवर चुना दिला, लेव्हल लावून बाकं सरळ केली. दोन कुलगुरूंच्या दोन खुर्च्या आणल्या त्यात एक बोटभर बुटकी निघाली. सामाजिक न्यायाच्या कार्यक्रमात हे बरं दिसत नाही, म्हणून तिच्या पायांना ट्यूबचं रबर लावून मी दोन्ही विद्यापीठं समान केली. शेवटी रचना आली, दारातच थांबली आणि म्हणाली, “बाबा, वास येतोय.” मी श्वास ओढून पाहिला. कसलाही वास नव्हता. शेजारच्या नागेंद्र पानवाल्याला बोलावलं, त्यालाही येईना. रस्त्यावरची आणखी चार माणसं आत घेतली. सगळी निपाणीची, अनुभवी नाकाची. वास कोणालाच नाही. तेव्हा बहुमतानं वास नाही असं ठरलं. (कोल्हापुरात शिकायला लागल्यापासून पोरीचं नाक नाजूक झालंय. आपल्या गावात स्टँडवर उतरल्या उतरल्या जो शिंकतो तो पाव्हणा, हे ओळखायला ओळखपत्र लागत नाही.)

मग पंख्याचा विचार केला. वखारीत हवा कोंडते. एका बंद पडलेल्या गिरणीचा भला मोठा पंखा मी भंगारातून आणून, स्वतः रिवायंडिंग करून ठेवला होता. दुकानात तपासला तेव्हा समोरच्या शिंप्याचे कपडे गल्लीच्या तोंडाशी सापडले, म्हणजे काम चोख होतं. तो वखारीत आढ्याच्या खाली, अगदी मधोमध टांगला. वखारीत मात्र चालवून पाहिला नाही, कारण एकदा तपासलेली वस्तू पुन्हा तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही कुलगुरू आले, बरोबर निवेदिताबाई म्हणून प्राध्यापिका, ज्यांच्याकडे हे केंद्र सोपवलंय, आणि वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर. वखार बायकांनी भरलेली. पुढं मालुबाई बसलेली, जिच्या हाताखाली अर्ध्या निपाणीनं विडी वळायला शिकली. पलीकडचे कुलगुरू उभे राहिले. “सामाजिक न्याय म्हणजे,” इथवर आले आणि त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मला वाटलं, खूण केली. मी बटण दाबलं.

दाजी, पंखा उत्तम फिरला. त्याबद्दल कोणीही काही बोलू शकणार नाही, आणि त्या वेळी तर कोणाला बोलताच येईना. पहिल्यांदा मागचा फलक उडाला. मग वर, जिथं माझा हात पोचला नव्हता तिथं, वाशांवर आणि कौलांच्या सांदीत आप्पांच्या हयातीतला जेवढा तंबाखूचा खकाणा बसला होता तेवढा सगळा एका दमात खाली आला. तपकिरी धुकंच! पलीकडचे कुलगुरू शिंकले. त्यांना सावरायला आपल्याकडचे उठले, ते त्यांच्याहून मोठ्यानं शिंकले. मग एक थांबले की दुसरे, असं एकाही शिंकेची टक्कर न होता चालू राहिलं. (वेग जुळला तो इथं.) मी बटण बंद केलं, पण पंखा माझ्या हातचा असल्यामुळे लगेच थांबणाऱ्यातला नव्हता. सगळं व्यासपीठ धडपडत दाराबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलं.

आत बायका जागच्या जागी. एकीलाही शिंक नाही. मालुबाईनं पदरानं डोक्यावरचा खकाणा झटकला, उठली आणि चालू राहिलेला माईक हातात घेतला. “साहेब, बसा वाईच पायरीवर. शिंका निवांत. आमची पोरं ह्याच वासात पाळण्यात निजली, आमास्नी काय हुईत न्हाय. तवर आमी बोलतो,” म्हणाली. “तुमी न्याय शिकवनार म्हंता, शिकवा. पर पयला कागद शिकवा. आमी शिकलो मराठी शाळेत, आन् फंडाचा, पेन्शनीचा, सगळा कागद येतोय कन्नडात. बोलाय येतंय, वाचाय येत न्हाय. फुली दावतील तितं सही करायची. कशावर केली, ते सही घेणाऱ्याला ठावं.”

मग आमची नागू उठली. मी दारातून तिला बसायची खूण केली. तिनं ती बोलायची खूण आहे असं समजलं, किंवा तसं समजल्याचं दाखवलं. “ह्या इद्यापीठानं कन्नड वाचाय शिकवावं,” ती म्हणाली, “त्या इद्यापीठानं आमच्याकडनं धावीची परीक्षा करून घ्यावी. एकट्यानं दोघांचं काम हुईत न्हाय, म्हणून तर दोघं आलाय न्हवं? आन् वर्ग विड्या जमा करायच्या दिशी, जमा करून झाल्यावर ठेवा. त्या दिशी बायका गावात येतातच. बेळगावला न्हाय.” बायकांनी टाळ्या वाजवल्या, तसा उरलेला खकाणाही उठला.

निवेदिताबाई नाकाला ओढणी बांधून सगळं लिहून घेत होत्या. मी अभिमानानं त्यांना म्हणालो, “बघा, आमच्या एकाही बाईला शिंक येत न्हाय.” त्या लिहायच्या थांबल्या. “ही चांगली गोष्ट नाही, मष्णूअण्णा,” म्हणाल्या, आणि वर्गाबरोबर छातीच्या डॉक्टरचीही सोय करायची असं खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात पायरीवरचा फोटो आला, खाली मथळा: ‘विडी कामगार महिलांच्या व्यथा ऐकून दोन्ही कुलगुरूंच्या डोळ्यांत पाणी’. हे छापून आल्यावर बेळगावच्या हॉलचा विषय कोणी काढणं शक्य नव्हतं. केंद्र आपल्या वखारीत होणार! अटी दोनच. कौलं उतरवून साफसफाई करायची, आणि पंखा काढायचा. पंख्याबद्दल मतभेद आहे आणि तो मी लेखी कळवला आहे. ‘तंबाखू आणि समाज’ हे माझं भाषण मात्र वेळेअभावी राहिलं. सोबत जोडलं आहे, सवडीनं वाचावं.

गुडघा सांभाळावा. लहानांना माझा पापा, थोरांना आपणच माझ्या वतीनं वाकून नमस्कार करावा (गुडघा परवानगी देईल तेवढंच).

आपला,
मष्णू

ता.क. एक किरकोळ काम आहे. विद्यापीठाच्या वकिलांनी वखारीचा उतारा काढला, तर त्यावर दोन नावं निघाली: माझं आणि आक्काचं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण चुन्याच्या गडबडीत राहून गेलं. संमतीचा कागद सोबत आहे. कन्नडात आहे, तेव्हा वाचत बसायचं कारण नाही. मी पेन्सिलनं फुली केली आहे तिथं आक्काची सही घ्यावी. जेवण झाल्यावर, मन प्रसन्न असताना घ्यावी. विचारलंच तर घरपट्टीचं काहीतरी आहे म्हणावं. वखारीत शिवणकाम काढायचं तिनं मागे एकदा बोलून दाखवलं होतं, तेव्हाही माझी मोटार चालू होती.

ता.क. पाकीट चिकटवायला नागूकडे दिलं तर ती पत्र वाचत बसली आहे. पेन मागते आहे.

आक्का, मी नागू. पाकिटावर दाजींचं नाव होतं, ते खोडून तुमचं घातलंय. पेन्सिलची फुली पुसली. पाकीट दोन दिवस ठेवून घेतलं, कागदात काय आहे ते निवेदिताबाईंकडनं समजून घेऊन मागच्या बाजूला मराठीत लिहिलंय. पटलं तर सही करा, न पटलं तर करू नका. पर आधी येऊन बघा. मागच्या खोलीत उजेड चांगला आहे, शिवणाची मशीन बसेल, ते पण कागदात घालू असं बाई म्हणाल्यात. येताना नाकाला रुमाल बांधा. निपाणी सोडून तुम्हाला लई वर्षं झाली, तुम्हाला वास येईल. ह्यांना अजून येत न्हाय.